फेदर डस्टर उपाशी का मरतो?

आणला तेव्हा पिसारा तळहाताएवढा होता, काही महिन्यांत जुन्या रुपयाएवढा उरला आणि मग एके दिवशी नळी रिकामी. खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांकडून फेदर डस्टरची ही हकीकत नेहमी ऐकू येते. तिच्या शेवटी निष्कर्षही ठरलेला असतो: नाजूक जीव, हैदराबादची हवा मानवली नाही. हवेचा दोष असतो, पण थोडा. हैदराबादच्या जामबागमधल्या फ्लॅटमध्ये काय किंवा मुंबई-पुण्यात काय, हा प्राणी बहुतेक वेळा उपासमारीने मरतो आणि ते घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

पाहणाऱ्याला तो फूल वाटतो, निदान प्रवाळ तरी. प्रत्यक्षात तो गांडुळाच्या संघातला, वलयांच्या शरीराचा समुद्री कृमी आहे. दुकानात येणारी मोठी जात बहुधा सबेलास्टार्टे या वंशातली असते. शरीर नळीत दडलेलं असतं. बाहेर दिसतो तो तोंडाभोवतीच्या तंतूंचा मुकुट. श्वास त्यानेच घ्यायचा आणि अन्नही त्यानेच गाळायचं. प्रत्येक तंतूवर सूक्ष्म रोमांच्या रांगा असतात आणि त्यांच्या हालचालीने पाणी आत ओढलं जातं. पाण्यातले कण तंतूच्या मधल्या पन्हळीतून खाली सरकता सरकता निवडले जातात. अगदी बारीक ते तोंडात, मध्यम ते चिकट स्रावात मळून नळीच्या काठावर, मोठे ते बाहेर. नळी अशी वरच्या काठाने वाढत जाते.

हे एकदा कळलं की ‘माशांच्या उष्ट्यावर जगतो, वेगळं काही द्यावं लागत नाही’ हा सर्वांत घातक गैरसमज आपोआप गळून पडतो. फ्लेक्सचा चुरा त्याच्या तोंडात जाईल इतका बारीक नसतो. जे बारीक कण पाण्यात असतात ते फिल्टरचा कापूस आणि प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) काढून घेतात. म्हणजे पाणी आपल्याला जितकं नितळ, तितकं त्याचं ताट रिकामं. त्याला लागतात ती सूक्ष्म शेवाळं. नॅनोक्लोरॉप्सिस हे त्यांतलं बाटलीत सहज मिळणारं. याची पेशी दोन-तीन मायक्रॉनची. बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, वापरण्याआधी हलवावी. स्किमर थोडा वेळ बंद करून, पाणी फिरवणारा पंप मात्र चालू ठेवून, ड्रॉपरने प्रवाहात थोडं थोडं सोडावं. थेट पिसाऱ्यावर पिचकारी मारली तर तो आत ओढून घेतो आणि खाणं वाया जातं. रोज थोडं द्यावं. आठवड्याचं एकदम ओतलं की टँकमधलं नायट्रेट वाढतं.

‘हा पाणी गाळतो, म्हणजे टँक साफ ठेवेल’ असं सांगून विकणारेही भेटतात. गाळतो तो स्वतःच्या पोटासाठी. नव्या, अस्थिर टँकमध्ये सफाई कामगार म्हणून त्याला सोडणं ही क्रूरता आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाल्यावरही आणखी काही महिने थांबावं. प्रखर महागड्या दिव्यांचीही त्याला गरज नाही. प्रवाळासारखी त्याच्या अंगात प्रकाशावर जगणारी शेवाळं नसतात. दिव्यांचे पैसे त्याच्या खाण्यावर खर्च करा.

पिसारा गळून पडला की लोक नळी उचलून कचऱ्यात टाकतात. थांबा! ताण आला, पाणी बिघडलं, कधी प्रजननाचा काळ असला, तर हा प्राणी मुकुट स्वतःहून टाकतो आणि काही आठवड्यांत नवा, आधी छोटा, मुकुट येतो. नळीतून वास येत नसेल, ती ढिली पडलेली नसेल, तर तिथेच राहू द्या आणि पाणी तपासा. बघायचं म्हणून कृमीला ओढून मात्र काढू नका.

आता हैदराबादच्या हवेबद्दल, पण आधी पाण्याबद्दल. खडेमीठ घालून समुद्र होत नाही. मिठागरात मीठ धरतं तेव्हा मॅग्नेशियमसारखे बरेच क्षार मागे राहिलेल्या कडू पाण्यात जातात. पोत्यात येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. ॲक्वेरियमचं सागरी मीठच हवं, लिटरला साधारण 35 ग्रॅम. बोअरचं जड पाणी टाळावं. घरच्या आरओचं पाणीही टीडीएस मीटरने मोजून घ्यावं, कारण पिण्याच्या आरओत थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. टँकसाठी आकडा शून्याजवळ हवा.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि टँक हवा 24 ते 27 अंशांवर. इथे कोरडी हवा आपल्या बाजूने आहे: पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. दमट मुंबईत त्याच पंख्याचा एवढा उपयोग होत नाही. पण वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. 100 लिटरच्या टँकमधून रोज दोन लिटर उडाले आणि आठवडाभर कुणी पाहिलं नाही, तर 35 ची क्षारता 41 च्या जवळ जाते. म्हणून रोज भर घालावी ती गोड्या आरओ पाण्याची. मिठाचं पाणी ओतणं ही नेहमीची चूक.

तांबं असलेलं माशांचं औषध या टँकमध्ये कधीही नको. माशाला जे बरं करतं तेच या कृमीला मारतं. बटरफ्लायफिश आणि बरेचसे एंजलफिश पिसारा कुरतडतात, क्लाउनफिश चालतात. काचेवर दिसणाऱ्या पांढऱ्या, चक्राकार, टाचणीच्या डोक्याएवढ्या नळ्या खरवडू नका. ते याचेच निरुपद्रवी भाऊबंद आहेत.

‘ख्रिसमस ट्री वर्म’ नावाने मिळणारा रंगीत कृमी जिवंत प्रवाळात नळी करून राहतो, म्हणजे तो घेताना प्रवाळाचा तुकडाही घ्यावा लागतो. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून किंवा समुद्रातून तोडून आणलेला असा तुकडा कुणी दाखवला, तर सरळ नाही म्हणा.

आणि फेदर डस्टर घेताना दुकानात पिसाऱ्यावर हाताची सावली धरा. निरोगी प्राणी क्षणात आत जातो. तो हलला नाही किंवा नळी मऊ, पिचकलेली लागली, तर पैसे खिशात ठेवा. घरी रोज खाणं घालायला कुणी नसेल, तर निरोगी दिसला तरी घेऊ नका.