वस्तुसंग्रहालय पाहावें कसें?

सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या हिंगोलीकडील सुशिक्षित कुटुंबांतून एक प्रश्न हमखास निघतो : यंदा मुलांना घेऊन कोठें जावें? कोणी हैदराबादचें नांव घेतो, कोणी पुण्याचें, कोणी मुंबईचें. आणि त्या शहरीं गेल्यावर तेथील वस्तुसंग्रहालय पाहून येणें हें आपण एक कर्तव्य समजतों. परंतु तें पाहावें कसें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. मीही पुष्कळ वर्षें केला नव्हता. तो मला एका विद्यार्थ्यानें करावयास लावला. ती हकीकत आधीं सांगतों.

इ. स. 1988 मध्यें शाळेचीं चाळीस मुलें घेऊन मी हैदराबादेस गेलों होतों. तेथील सालारजंग संग्रहालयासाठीं आमच्यापाशीं अवघे दोन तास होते. तिसरे सालारजंग मीर युसुफ अलीखान हे 1949 सालीं वारले. त्यांच्या घराण्यानें जमविलेल्या वस्तू 1951 सालीं दिवाण देवडींत लोकांस खुल्या झाल्या व 1968 सालीं मुसी नदीकांठच्या आजच्या इमारतींत आल्या. एवढा पसारा दोन तासांत पाहणें म्हणजे धांवणेंच होय. आणि आम्ही धांवलों. तेथें एक प्रसिद्ध घड्याळ आहे. तास भरला कीं त्यांतून एक छोटा पुतळा बाहेर येतो व टोले देतो. बाराच्या आंत त्याच्यापुढें जाऊन बसावयाचें, असा माझा बेत होता.

बसल्यावर मोजणी केली, तों एक मुलगा कमी! शोध घेतां तो बुरखा घेतलेल्या रिबेकेच्या पुतळ्यापुढें उभा सांपडला. त्याला घेऊन येईपर्यंत टोले पडून गेले होते. सर्वांदेखत मी त्याच्यावर रागावलों. परत आल्यावर मीं सहलीवर निबंध लिहावयास सांगितला. एकूणचाळीस मुलांनीं घड्याळावर लिहिलें आणि बहुतेकांचीं वाक्यें सारखींच होतीं. त्या एका मुलानें लिहिलें होतें : “तिचा पदर ओला दिसतो. पण दगड ओला होत नाहीं. मग ओलावा कोठून आला, तें मी पाहत होतों.” त्या वाक्याखालीं मीं तांबड्या शाईनें शाबासकीची खूण केली, पण सर्वांदेखत रागावलों होतों, तशी सर्वांदेखत शाबासकी मात्र दिली नाहीं. तें राहून गेलें, याची बोचणी अजून आहे.

त्या मुलाचा प्रश्न अगदीं नेमका होता. हा पुतळा इटालियन शिल्पकार बेंझोनी याचा असून तो पहिल्या सालारजंगांनीं 1876 सालीं रोम येथें विकत घेतला. बायबलांतील रिबेका आपल्या वराला प्रथम पाहते व तोंडावर वस्त्र ओढून घेते, तो हा प्रसंग. वस्त्र आणि मुखडा हे दोन निरनिराळे दगड नव्हेत; एकच संगमरवर आहे. शिल्पकारानें वस्त्राच्या चुण्या बारीक कडांसारख्या उठविल्या आहेत व त्यांच्या मधला भाग चेहऱ्याच्या उंचसखलपणाबरोबर जाऊं दिला आहे. कडांवर उजेड पडतो, खळग्यांत सावली राहते, आणि उरलेलें वस्त्र आपला डोळाच विणून घेतो. म्हणून दगड ओला व पातळ भासतो. हें उमगण्यास दहा मिनिटें एके ठिकाणीं उभें राहावें लागतें. आम्ही तेथें दहा क्षणही उभे राहिलों नव्हतों.

तेव्हांपासून माझा नियम असा : एका भेटींत पांच-सहा वस्तू निवडाव्या, प्रत्येकीपुढें पुरता वेळ द्यावा, आणि बाकीच्या पुढील खेपेसाठीं सोडाव्या.

पुण्यास गेल्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालयांत घरांतील वृद्ध स्त्रियांना अवश्य न्यावें. डॉ. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहीत. सुमारें 1920 पासून गांवोगांव हिंडून त्यांनीं दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, वाद्यें, कोरीव दरवाजे अशा सुमारें वीस हजार वस्तू जमविल्या, आणि अल्पवयांत गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नांवें तो संग्रह महाराष्ट्राला दिला. तेथें शिक्षकाचें काम आजीकडे सोंपवावें. वज्रीनें पाय कसे घांसावयाचे, समईंत तेल किती घालावयाचें, हें फलकावर कोठून असणार? आजी सांगूं लागली म्हणजे नातवंडें कांचेला नाक लावून ऐकतात.

मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पाया 1905 सालीं घातला गेला व तें 1922 सालीं लोकांस खुलें झालें. तेथें जातांना एक भेद ध्यानीं धरावा. कायम दालनें केव्हांही पाहतां येतात. परंतु बाहेरून आणलेलें प्रदर्शन ठराविक मुदतीनंतर परत जातें. 2017 सालीं तेथें ‘भारत आणि जग’ हें प्रदर्शन भरलें होतें. ब्रिटिश म्युझियमच्या वस्तू आणि भारतांतील त्याच काळच्या वस्तू शेजारीं शेजारीं मांडल्यामुळें एकाच शतकांत दूरदूरचे कारागीर काय करीत होते, तें उमगत असे. असें प्रदर्शन असेल, तर आधीं तें पाहावें. लघुचित्रांच्या दालनांत उजेड मंद असतो, त्याबद्दल कुरकुर करूं नये. प्रखर प्रकाशानें कागदावरील रंग फिके पडतात. वस्तूंना हातही लावूं नये. घामांतील क्षार व तेल धातूला आणि दगडाला डागाळतात. साप्ताहिक सुटीचा वार मात्र निघण्यापूर्वीं विचारून घ्यावा.

आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें आज अमेरिकेंत आहेत व आईबाप त्यांच्याकडे जाऊन येतात. त्यांनीं फिलाडेल्फियाचें कलासंग्रहालय चुकवूं नये. मदुरेच्या एका मंदिराचे कोरीव दगडी खांब 1912 सालीं एका अमेरिकन बाईंनीं विकत घेतले. 1919 सालीं ते या संग्रहालयास मिळाले, आणि तेथें त्यांचा मंडप उभारलेला आहे. तो पाहण्यास लोक आवर्जून जातात. पण तेथें ना गाभारा, ना घंटा, ना अनवाणी पायांखालची तापलेली फरशी.

आम्हां हिंगोलीकरांस हें सर्व औंढा नागनाथास मिळतें. त्या मंदिराचा वरचा भाग मागाहूनचा. खालचा काळ्या दगडाचा कोरीव भाग प्राचीन, हेमाडपंती. आपण पिंडीचें दर्शन घेतों, प्रसाद घेतों आणि मोटार गांठतों. बाहेरच्या भिंतींवरील मूर्तींकडे मान वळवीत नाहीं. मोठ्या शहरांतील संग्रहालयास जाण्यापूर्वीं मुलांच्या डोळ्यांना येथेंच वळण लावावें. सकाळीं लवकर जावें. तिरप्या उन्हांत कोरीव काम उठून दिसतें, माध्यान्हीं तें सपाट भासतें. प्रत्येक मुलानें एकच मूर्ति निवडावी, तिच्यापुढें पाव तास बसावें, आणि घरीं येऊन ती आठवून वहींत काढावी. चित्र वांकडें आलें तरी चालेल. काय पाहावयाचें राहिलें, तें त्यावरूनच कळतें.

आणि एखादें मूल मागें राहिलें, तर त्याला हाक मारण्यापूर्वीं तें काय पाहत आहे, हें आपण स्वतः जाऊन पाहावें.