नेट गेलंय? कस्टमर केअरचा नंबर शोधण्याआधी घरातच एवढं बघून घ्या

मे महिना. नागपुरात पारा ४५ च्या पुढे. कूलर फुल आणि घरातल्या कॉम्प्युटरवर अकरावीचा फॉर्म उघडलेला. तेवढ्यात स्क्रीनवर नुसतं चक्र फिरायला लागतं. घरात एकच ओरड, "नेट गेलं!"

पण खरंच नेटच गेलंय का? २१ मे २०२५ ला राज्यभरातली अकरावीची ऑनलाइन नोंदणी सुरू व्हायची होती, आणि पोर्टलच कोलमडलं. नोंदणी सुरू व्हायला २६ मे उजाडला. असल्या दिवशी राउटर दहा वेळा बंद-चालू करूनही उपयोग नसतो. म्हणून आधी दुसरी एखादी साइट उघडून बघा. ती उघडली तर तुमची लाइन बहुतेक ठीक आहे.

काहीच उघडत नाहीये? मग मोबाइलचा डेटा बंद करून त्याला घरच्या वायफायवर टाका. तिथं नेट चाललं तर गडबड कॉम्प्युटरमध्ये, नाहीतर राउटर किंवा बाहेरच्या लाइनमध्ये. निम्मा शोध इथंच संपतो.

फायबर असेल तर डब्यावरचा 'एलओएस' दिवा बघा. तो लाल असला तर केबलमधून सिग्नलच येत नाहीये. पिन घट्ट बसलीय का ते बघा आणि तक्रार नोंदवा. काढलेल्या पिनमध्ये डोकावू मात्र नका, आत लेझर असतो. दिवा लाल नसेल तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करा. टीव्हीमागे कोंबलेला डबा या उन्हाळ्यात तापतोच, त्याला मोकळी जागा द्या.

गडबड कॉम्प्युटरची असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही. वायर काढून परत लावा किंवा वायफाय पुन्हा जोडा.

जुन्या डेस्कटॉपची एक भलतीच गंमत असते. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि चुकीच्या तारखेमुळे बँकेच्या, सरकारी साइट्स उघडायला नकार देतात. लोक शिव्या घालतात नेटला!

तरीही जमलं नाही, तर नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्या. सर्चमध्ये वर दिसणारा नंबर भामट्याचा असू शकतो. समोरच्याने स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.