जावाचा सायलेन्सर : दागिना नव्हे, इंजिनाचाच भाग

जुनी मोटारसायकल मूळ रूपात पुन्हा उभी करताना एक्झॉस्टचे काम बहुधा अखेरीस येते. टाकी रंगून आलेली असते, इंजिन सांगाड्यात बसलेले असते; आता दोन चकचकीत नळकांडी लावली की गाडी तयार, अशी घाई मालकाला झालेली असते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या जावा २५० च्या बाबतीत ही घाई महागात पडू शकते.

या गाडीत सिलिंडर एकच, परंतु सायलेन्सर दोन. धूर बाहेर टाकणारे सिलिंडरचे द्वार दुभंगलेले असून त्यातून डावी-उजवीकडे एकेक बेंड पाइप निघतो. इंजिन टू-स्ट्रोक असल्याने त्यात झडपा नाहीत. जळालेला वायू बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत शिरत असते आणि त्यातील काही भाग धुराबरोबर निसटू पाहतो. सायलेन्सरच्या आतील अडथळ्यांवर आपटून परतणारी दाबाची लाट या गळतीला काही अंशी आवर घालते. त्यामुळे आवाज 'मोकळा' व्हावा म्हणून आतील बॅफल काढून टाकणाऱ्यांच्या हाती गोंगाट तेवढा येतो. कमी वेगातील ताकद घटते आणि पेट्रोल वाया जाते, ते वेगळेच. शिवाय ध्वनिमर्यादेच्या उल्लंघनासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मूळ सायलेन्सर हाती असेल आणि पत्रा शाबूत असेल, तर तो टाकून देऊ नये. आतील बॅफल काढून त्यावरची तेलकट काजळी साफ केली की बरेचदा काम भागते. काजळीने कोंडलेल्या सायलेन्सरमुळे चढावर दम तोडणाऱ्या गाडीचे इंजिन विनाकारण उघडले गेल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नेहमीच ऐकू येतात. बाजारात मिळणारे नवे सायलेन्सर दिसायला हुबेहूब असले, तरी आतील रचना मुळासारखी असेलच असे नाही. विकत घेण्यापूर्वी बॅफल बाहेर काढून जुन्याशी ताडून पाहावे; दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

प्रत्यक्ष जोडणीत खरी कसोटी लागते ती सिलिंडरवरच्या आट्यांची. बेंड पाइप सिलिंडरला मोठ्या गोल नटाने आवळला जातो. हा नट छिन्नी-हातोड्याने ठोकून फिरवण्याची आपल्याकडची जुनी खोड आहे. त्याने नटाची कड तुटते आणि नट तिरका चढला की सिलिंडरचे आटे जातात. ते पुन्हा घडवायचे तर वेल्डिंगचा भर देऊन लेथवर नवे आटे पाडावे लागतात आणि असे काम नेटके करणारा कारागीर शोधणे सोपे नाही. यासाठी आकड्याचा पानाच वापरावा. आधी आटे ब्रशने स्वच्छ करून, नवी गॅस्केट घालून नट केवळ हाताने फिरवावा. हाताने सहज फिरत नसेल, तर तिथेच थांबावे.

यानंतर सायलेन्सर पाइपवर चढवून मागचा बोल्ट सैलच ठेवावा. दोन्ही बाजू जमिनीशी सारख्या दिसतात का, हे चार पावले मागे जाऊन पाहावे. जावाचा गिअर आणि किक यांचा दांडा एकच व तोही डावीकडे. तो किकसाठी उभा करून पूर्ण खाली दाबून पाहावा, पाइपला घासता कामा नये. सारे जुळल्यावर आधी सिलिंडरजवळचा नट, मग मधला जोड आणि शेवटी मागचा बोल्ट, याच क्रमाने आवळावे. मागचा बोल्ट आधी आवळून पाइप ओढूनताणून सिलिंडरपाशी आणल्यास तो ताण इंजिनाच्या कंपनांत नटावर येतो. नट ढिला होतो, सिलिंडरच्या पंखांवर तेलाचे काळे ओघळ दिसू लागतात आणि हळूहळू आटे खाल्ले जातात.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व मोटारींसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. जावा नावाने विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्या आता या वयात बसतात. मूळ सुटे भाग सांभाळण्याला त्यामुळे आणखी एक कारण मिळाले आहे.

इंजिन प्रथम सुरू करण्यापूर्वी क्रोमवरील बोटांचे ठसे कोरड्या फडक्याने पुसावेत, अन्यथा ते तापून कायमचे उमटतात. पहिली छोटी फेरी झाल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि दोन्ही नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.