पवनारच्या दगडांत दडलेले देऊळ

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेला लागले की आठ-दहा किलोमीटरवर धाम नदी लागते. तिच्या काठी पवनार. लोक येथे येतात ते विनोबांच्या आश्रमासाठी. पण या आश्रमात काही जुने शिल्पपटही जपले आहेत. ते सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचे, वाकाटक राजांच्या काळातले. ज्या देवळासाठी ते घडवले गेले ते आज कुठेही उभे नाही. तरीही या दगडांवरून त्या देवळाबद्दल किती सांगता येते, हे पाहिले की थक्क व्हायला होते.

शिल्पे बाहेर आली ती कुणी शोधायला गेले म्हणून नव्हे. १९३८ साली प्रकृती फार खालावलेले विनोबा धामच्या पलीकडच्या टेकाडावर, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. नदीपलीकडची जागा म्हणून तिचे नाव पडले परंधाम. तब्येत सुधारावी म्हणून ते रोज शेतात खणत, आणि खणताना मातीतून कोरीव दगड निघाले. त्यांपैकी एकावर विनोबांना राम आणि भरताची भेट दिसली. ते हरखले, कारण १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातल्या गीताप्रवचनांत त्यांनी याच भेटीचे चित्र कुणीतरी काढावे, अशी इच्छा बोलून दाखवली होती. शतकानुशतके मातीत पडलेला दगड पुन्हा पूजेत आला. पुढे १९५९ साली तेथेच ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली.

आता या दगडांकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहू. एकाच बाजूने कोरलेला सपाट पट हा सहसा भिंतीचा भाग असतो. त्याला चहूबाजूंनी फिरून पाहायचे नसते. त्याच्यापुढून चालत जायचे असते. त्यावर कथाप्रसंग असेल तर शेजारी आधीचा किंवा नंतरचा प्रसंग असण्याची शक्यता मोठी. पवनारला गंगेचीही मूर्ती मिळाली आहे. त्या काळातल्या देवळांच्या दाराशी गंगा आणि यमुना उभ्या असत. भक्ताने पवित्र नद्यांच्या मधून आत शिरावे ही त्यामागची कल्पना. भिंतीवर कथा, दाराशी नदी: एवढ्यावरूनच हरवलेल्या वास्तूची आखणी मनात उभी राहू लागते.

ती वास्तू कशी असेल, याचा अंदाज रामटेकला जाऊन येतो. तेथल्या डोंगरावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटक काळातली दोन देवळे अजून उभी आहेत. उंच शिखर नाही, वर सपाट छप्पर, जाड दगडी भिंती, चौकोनी गाभारा आणि पुढे खांबांचा मंडप. महाराष्ट्रात खडकात कोरलेली लेणी पुष्कळ आहेत. पण दगडावर दगड रचून बांधलेली आणि आजही पूजेत असलेली इतकी जुनी देवळे फार थोडी. केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा शिलालेख तर चुन्याच्या थराखाली दडून राहिला होता. तो १९८०च्या दशकात उजेडात आला आणि वाकाटक राजघराण्याच्या इतिहासाला नवे पान मिळाले. मांढळ आणि मनसर येथे मात्र विटांच्या देवळांचे अवशेष निघाले. पडक्या इमारतीच्या विटा घरबांधणीला लगेच कामी येतात, म्हणून अशी देवळे लवकर संपतात.

पवनारचे देऊळ कोणी बांधले? येथे ताम्रपट मदतीला येतात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या राज्यवर्ष २चा ताम्रपट हिंगणघाटजवळच्या जांबला मिळाला, वर्ष ११चा आर्वी भागातल्या बेलोऱ्याला. दोन्ही नंदिवर्धनाहून दिलेले, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून. पण वर्ष १८चा चम्मकचा ताम्रपट प्रवरपुराहून सुटलेला आहे. याचा अर्थ मधल्या सात वर्षांत राजाने आपल्या नावाची नवी राजधानी वसवली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रवरपूर म्हणजेच पवनार असे मांडले. शिल्पांत त्यांनी रामकथेतले प्रसंग ओळखले आणि हे रामाचे देऊळ याच राजाने बांधले असावे, असा निष्कर्ष काढला.

हा तर्क मोह पाडणारा आहे. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. पतीच्या निधनानंतर लहान मुलांच्या वतीने तिने राज्य सांभाळले, आणि तिचा ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामींच्या चरणांपाशी दिलेला आहे. स्वतः प्रवरसेनाच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातले ‘सेतुबंध’ हे रामकथेवरचे महाकाव्य आहे. ज्या भाषेतून पुढे आपली मराठी आली, त्या भाषेतले हे काव्य.

तरी सगळ्यांना हे पटलेले नाही. मनसरच्या उत्खननात प्रवरेश्वराच्या, म्हणजे प्रवरसेनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देवाच्या, नावाचा ठसा मिळाल्यावर काही अभ्यासक प्रवरपूर तिकडे नेतात. पवनारच्या पटांत काहींना रामाऐवजी कृष्णाची कथा दिसते. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले. तेथे वाकाटकांच्या आधीपासूनची वस्ती निघाली, म्हणजे गाव जुने हे नक्की झाले. पण पट जर खणून काढलेल्या भिंतीत जागच्या जागी मिळाले असते, तर त्यांचा क्रम कळला असता आणि राम की कृष्ण हा वादही बहुधा मिटला असता.

सुट्या दगडाचे हे कोडे जगभर आहे. इंग्लंडमध्ये एस्कम्ब गावाचे चर्च साधारण इसवी सन ६७५च्या सुमाराचे. ते जवळच्या रोमन किल्ल्याचे दगड आणून बांधले. सहाव्या रोमन पलटणीचे नाव कोरलेला एक दगड तेथे भिंतीत चक्क उलटा बसवला आहे. तो कुठून आला हे ठाऊक असल्यामुळे त्या एका दगडात दोन युगे वाचता येतात.

वर्धा जिल्ह्यातही असे वाचण्याजोगे बरेच काही आहे. कितीतरी गावांत पारावर, मारुतीच्या देवळाशेजारी, शेताच्या बांधावर शेंदराने माखलेले कोरीव तुकडे मांडलेले दिसतात. गाव त्यांना देव मानते, म्हणून ते टिकले. हे श्रद्धेचे फार मोठे काम आहे. त्याला एका सवयीची जोड हवी. नांगराला किंवा विहिरीच्या खोदकामात कोरीव दगड लागला तर तो उचलण्याआधी जागेवरच त्याचे फोटो काढावेत, किती खोल होता, कोणत्या दिशेला तोंड होते, शेजारी विटा किंवा खापरे होती का, हे लिहून ठेवावे आणि तहसीलदाराला कळवावे. दगड किती सुंदर आहे हे कुणालाही नंतर दिसेल. तो कुठे आणि कसा पडला होता हे मात्र पहिल्यांदा पाहणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि एखादे अख्खे देऊळ परत उभे करण्याइतकी माहिती तेवढ्यात असू शकते.