मागं वळायचं नाही

घरातून बाहेर पडताना आपण कधी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आमच्या घरातल्या दख्खनी बोलीतही ‘जाके आतूं’ असंच म्हणतात. परतण्याची ओढ अशी आपल्या जिभेवरच बसलेली आहे. वैमानिकाला मात्र एका प्रसंगी नेमकी हीच ओढ आवरायला शिकावं लागतं. ती का, ते आज सांगतो.

आमच्या आटपाडीला धावपट्टी नाही, पण बारामतीला आणि कऱ्हाडला आहे. २५ जुलै २०२२ रोजी एक शिकाऊ वैमानिक मुलगी बारामतीहून एकटीच छोटं ‘सेसना १५२’ विमान घेऊन निघाली होती. वाटेत इंजिनाची ताकद गेली आणि विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात आदळलं. मुलगी किरकोळ जखमांवर बचावली.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, असा आपला समज असतो. तसं नाही. विमानाला तोलून धरतात ते पंख, आणि पंखांना हवी असते अंगावरून वेगानं वाहणारी हवा. इंजिन थांबलं तर नाक थोडं खाली करायचं. उतारावर पायडल न मारता सायकल धावते, तसं विमान घसरत पुढं जातं. असं छोटं विमान एक किलोमीटर उंचीवरून साधारण आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. म्हणजे उंची ही वैमानिकाची गाठीची पुंजी. उड्डाणानंतर लगेच ही पुंजीच नसते. शंभर मीटरवर इंजिन गेलं, तर हाती जेमतेम अर्धं मिनिट उरतं.

अशा वेळी ओळखीची धावपट्टी पाठीमागंच असते. मन म्हणतं, वळ. घात होतो तो इथं. वळताना विमान एका अंगावर कलतं. उंची राखून वळायचं तर कललेल्या पंखांना वजन पेलायला जास्त वेग लागतो. पंचेचाळीस अंश कललं तर सुमारे १९ टक्के जास्त, साठ अंशाला ४१ टक्के. जमीन जवळ येताना पाहून वैमानिक नाक वर ओढतो, वेग आणखी पडतो आणि पंखांवरची हवा सुटते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. मग विमान तरंगत नाही, कोसळतं. सावरायला खाली जागाही नसते. शिवाय अर्धं वर्तुळ वळून भागत नाही. तोवर विमान धावपट्टीच्या बाजूला गेलेलं असतं, पुन्हा तिच्याकडं वळावं लागतं.

म्हणून शिकवण अशी, की कमी उंचीवर इंजिन गेलं तर नाक खाली घ्या, वेग राखा आणि समोर किंवा थोडं डावी-उजवीकडं दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरा.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये उड्डाणानंतर पक्षी आदळून एका मोठ्या प्रवासी विमानाची दोन्ही इंजिनं निकामी झाली. कॅप्टन सलनबर्गर यांनी ते हडसन नदीत उतरवलं. सगळे १५५ जण वाचले. पुढं चौकशीत या प्रसंगाची नक्कल करून पाहिली. क्षणार्धात वळलं तर परतणं शक्य होतं; पण माणसाला विचार करायला ३५ सेकंद दिली, तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोचलं नाही.

मात्र ‘समोर उतरा’ म्हणायचं, तर समोर जागा हवी. २६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादहून उडणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीपुढच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या ट्रकला धडकलं. पुढं ते विजेच्या तारांना लागून कोसळलं आणि ५५ माणसं गेली. वैमानिकानं विमान उशिरा उचललं, हे खरं. पण उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहनंही कुणी थांबवली नव्हती, असं चौकशीत निघालं.

वैमानिकाचं काम वैमानिक करील. धावपट्टीपुढचं रान मोकळं ठेवणं हे जमिनीवरच्यांचं काम आहे. आपल्या गावाला विमानतळ मागताना आपण धावपट्टी किती लांब होणार, ते विचारतो. ती संपते तिथं पुढं काय आहे, तेही विचारायला हवं.