मूल वाचते की पाठ म्हणते?

संध्याकाळी ओसरीवर बसून मूल मोठ्याने धडा म्हणत असले की घरच्यांना समाधान वाटते. पोरगं अभ्यासाला लागलं, असे म्हणून बाप बैलांच्या चारापाण्याकडे वळतो. पण वाचकहो, एकदा जवळ जाऊन पाहा. धड्याच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि 'हा कोणता शब्द?' असे विचारा. चौथीपाचवीतली कितीतरी मुले इथे गप्प होतात. वर्गात इतरांच्या तोंडून ऐकून धडा पाठ झालेला असतो. डोळे पुस्तकावर असतात, पण अक्षर ओळखलेले नसते.

ही गोष्ट एका गावापुरती नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या शंभरातील साधारण तेवीस मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. मागे राहिलेले मूल पुढच्या वर्गात जाते, पुस्तक जाड होते आणि अडचणही तितकीच वाढते. पुढे तेच मूल शेतीत उतरते. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याला कारणे अनेक होती. तरीही डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण आणि त्याखालची बारीक सूचना ज्याला वाचता येते, त्याच्या हाती बचावाचे एक साधन जास्त असते, हे कोणी नाकारणार नाही.

वाचन अडते कुठे, हे पाहायला आपल्या गावाचे नावच पुरे. 'मोर्शी' हा शब्द लिहून मुलापुढे ठेवा. तोंडाने म्हणताना 'मो' झाला की लगेच 'र्' येतो, मग 'शी'. कागदावर मात्र तो रफार पुढे जाऊन 'शी'च्या डोक्यावर बसलेला. 'वर्धा' या शब्दाचेही तेच. 'दिवस' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी 'द'च्या आधी येते आणि उच्चारात ती नंतर. डोळ्याचा क्रम वेगळा, कानाचा क्रम वेगळा. हुशार मूल आपोआप जुळवून घेते. ज्याला ते जमत नाही, ते मठ्ठ नसते. त्याला तोच शब्द पाहात-ऐकत अनेकदा भेटावा लागतो, आणि चाळीस मुलांच्या वर्गात एका मास्तराला प्रत्येकाजवळ तेवढा वेळ बसता येत नाही.

यंत्राचा उपयोग नेमका इथे आहे. एकच ओळ शंभर वेळा ऐकवताना यंत्र कंटाळत नाही, चिडत नाही आणि चारचौघांत हसतही नाही.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक साधी कल्पना मांडली. दूरचित्रवाणीवर गाणे चालू असताना त्याच भाषेत त्याचे शब्द खाली दाखवायचे आणि जो शब्द गायला जातो त्याचा रंग बदलायचा. पुढे दूरदर्शनच्या 'रंगोली' कार्यक्रमातही हा प्रयोग झाला. गाणे पाठ असलेल्या माणसाचे डोळे नकळत अक्षरांमागे धावतात. कानाला ठाऊक असलेला शब्द डोळ्याला ओळखीचा होतो.

आपल्याच राज्यात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. मोबाईल त्या चौकोनी ठशावर धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही असे ठसे आले. डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरच्या रकमेतील अर्धी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्याच वर्षी टाळेबंदीत शाळा बंद पडल्या. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' आणि सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' हे कार्यक्रम घरी आले. फार चांगले काम झाले. पण रेडिओ कानाशी बोलतो, अक्षर दाखवत नाही. त्यामुळे हातात पुस्तक आणि ओळीवर बोट नसेल, तर ऐकलेली गोष्ट ऐकलेलीच राहते. शाळेतल्या मोठ्या पडद्याचेही तसेच समजा. लोकवर्गणीतून पडदा येतो, उद्घाटन होते, मुले रंगीत चित्रे पाहून खूश होतात. कमकुवत मुलाला त्यातून गाणे पाठ होते, वाचन येईलच असे नाही. मास्तरांनी मध्येच आवाज बंद करून 'आता पुढची ओळ तुम्ही वाचा' म्हटले, तर तो पडदा कामाचा. नाहीतर तो भिंतीवरचा सिनेमा!

आता घरातले पाहू. आज बहुतेक घरांत एक तरी मोबाईल असतो आणि त्यात आवाज टिपायची सोय असते. ताईने किंवा काकाने धड्यातल्या चार-पाच ओळी सावकाश वाचून टिपाव्यात. मुलाने पुस्तक उघडून, ऐकता ऐकता प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवावे. दोन-तीनदा झाले की आवाज बंद करून त्याने एकट्याने वाचावे आणि ते वाचनही टिपून ठेवावे. दहा मिनिटे पुरेत. नंतर मोबाईल परत घ्यावा, तेवढा मात्र निग्रह ठेवा. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संग्रहात मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्याही याच कामी येतील.

ज्या घरात आईबापाला वाचता येत नाही, तिथे तर आजी आहे! तिची एखादी गोष्ट मोबाईलमध्ये टिपा आणि मोठ्या भावंडाकडून जशीच्या तशी उतरवून घ्या. 'काहून', 'पोट्टं', 'तिकून' हे शब्द राहू द्या, पुस्तकी करू नका. आपल्या वऱ्हाडी मुलाला पुस्तकातले वाक्य आधी समजावे लागते आणि मग वाचावे लागते. आजीचे वाक्य त्याला समजलेलेच असते, उरते फक्त अक्षर. मेळघाटातून सपाटीवर मजुरीला येणाऱ्या कोरकू कुटुंबांच्या मुलांची अडचण तर याहून मोठी, कारण कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषाच नाही. अशा मुलाला धडा आधी त्याच्या बोलीत सांगणारा कोणी मिळाला, तर निम्मे ओझे उतरते.

एवढे करूनही चार-सहा महिन्यांत मूल अक्षरांशी झगडतच असेल, तर मारू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. काही मुलांना वाचनापुरतीच जन्मजात अडचण असते. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात तिची नोंद आहे, परीक्षेत अशा मुलांना जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. मुख्याध्यापकांकडे जाऊन तसे स्पष्ट विचारा.

आंबिया बहाराची तोड सुरू झाली की घरात कोणाला उसंत नसते, हे खरे. त्या दिवसांत रोजचे दहा मिनिटे न जमली तर दिवसाआड करा. टिपलेले वाचन मात्र पुसू नका. दिवाळीनंतरचा आवाज आणि संक्रांतीचा आवाज एकापाठोपाठ लावून मुलालाच ऐकू द्या. कुठे अडखळत होतो ते तोच सांगेल.