राजा नसलेला पट

नांदेड जिल्ह्यातील कंधार येथे एक प्राचीन भुईकोट किल्ला आहे. त्याच्या तटाभोवती रुंद खंदक आहे. दहाव्या शतकात, राष्ट्रकूट राजांच्या काळी, कंधार हे वैभवशाली नगर होते. तट, खंदक आणि सैन्य ही नगराची संरक्षणाची साधने. परंतु या सर्वांचा मुख्य आधार राजा समजला जाई. राजा पडला, की नगर शत्रूच्या हाती गेलेच!

बुद्धिबळाचा पट हे अशाच राज्याचे चित्र होय. या खेळाचा जन्म भारतात झाला व त्याचे जुने नाव 'चतुरंग'. पटावर वजीर बलवान असतो, प्यादे दुबळे असते. आणि राजावर मात झाली, की उरलेल्या मोहऱ्या कितीही असोत, डाव संपतो.

प्राचीन ग्रीस देशात मात्र एक निराळा खेळ होता. त्या काळी अथेन्स, स्पार्टा, कॉरिंथ अशी अनेक स्वतंत्र नगरराज्ये तेथे होती. अशा नगरराज्यास ग्रीक भाषेत 'पोलिस' म्हणत आणि या खेळाचे नावही 'पोलिस'च होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील पोलक्स नावाच्या लेखकाने त्याचे वर्णन केले आहे. पटाला 'नगर' म्हणत व सोंगटीला 'कुत्रा'! सोंगट्या दोन रंगांच्या असत. त्यांत ना राजा, ना वजीर. शत्रूची एक सोंगटी आपल्या दोन सोंगट्यांच्या मध्ये सापडली, की ती मारली जाई.

या एका नियमात केवढा अर्थ भरला आहे! येथे कोणी बलवान नाही व कोणी दुबळा नाही. दोघे मिळून जे साधते, ते एकट्याला कधीच साधत नाही. थोर तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने नगरावाचून राहणाऱ्या मनुष्याची तुलना पटावर एकट्या पडलेल्या सोंगटीशी केली, ती उगीच नव्हे. अथेन्समध्ये युद्ध व तह यांचे निर्णय नागरिकच सभेत एकत्र जमून घेत. स्त्रियांना व गुलामांना मात्र त्या सभेत स्थान नव्हते. तेवढे ते नगर अपुरेच होते.

आता पुन्हा कंधारकडे वळू. सप्टेंबर १९४८ पर्यंत कंधार निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथील लोक निजामाची प्रजा होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली आणि २६ जानेवारी १९५० पासून भारत प्रजासत्ताक झाला. कालची प्रजा आज नागरिक झाली. स्त्री असो वा पुरुष, प्रत्येकाच्या मताचे मोल सारखेच ठरले. पटावरचा राजा गेला. मग नगराचे रक्षण आता कोणी करावयाचे?

मुलांनो, अंगणात कोळशाने आठ गुणिले आठ घरांचा पट आखा. एकाने आठ चिंचोके घ्यावेत, दुसऱ्याने आठ खडे. पाळीपाळीने एक सोंगटी शेजारच्या मोकळ्या घरात सरकवावी, एवढा नियम पुरे. पुढे धावून एकटी पडलेली सोंगटी किती लवकर मारली जाते, ते पाहा. म्हणजे वरील प्रश्नाचे उत्तर तुम्हांला पटावरच सापडेल.